सत्तावन्न किलोची जागा

जून महिना लागला की माझा फोन साडीच्या दुकानातल्यासारखा वाजायचा. मॅडम, नॅशनलला किती टक्के? स्टेटला किती? दोघे भाऊ एकदम घातले तर काही वेगळं? मी एका कॉलेजात क्रीडा संचालक होते. कॉलेज सांगलीच्या बाजूचं, एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना माझं काम म्हणजे शिट्टी वाजवणं आणि सव्वीस जानेवारीला मुलांच्या रांगा सरळ करणं एवढंच वाटायचं. तेही केलं. पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझा सगळा उन्हाळा दुसऱ्याच कामात जायचा. परराज्यातून येणाऱ्या खेळाडूंना फीमध्ये सवलत द्यायची का, आणि कोणाला, हे ठरवायचं काम.

हा प्रकार आधी समजावून सांगते. आपल्या राज्यातल्या मुलांना शिक्षणासाठी सरकारच्या निरनिराळ्या सवलती असतात. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलाला त्यांतली एकही लागू होत नाही. त्यानं सगळी फी भरायची. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना कुस्तीचं भारी वेड. शेजारच्या एका कॉलेजनं विद्यापीठाची ढाल उचलली आणि त्यांचा फोटो पेपरात आला, तेव्हापासून अध्यक्षांना चैन पडेना. त्यांनी ठराव करून घेतला: परराज्यातला राष्ट्रीय पदक मिळवलेला खेळाडू आला तर त्याची शिक्षण फी माफ, वसतिगृहात जागा फुकट. खानावळ आणि परीक्षा फी ज्याची त्यानं बघायची. बदल्यात दरवर्षी कॉलेजकडून खेळायचं. सरळ देवाणघेवाण होती आणि आम्हीही ती कधी लपवली नाही.

सवलत म्हटलं की माणसं काय काय करतात! लोणंदचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. बरोबर प्रमाणपत्रांची मोठी पिशवी. एकेका कागदावर 'अखिल भारतीय' अशी अक्षरं, स्पर्धा मात्र शेजारच्याच तालुक्यात झालेल्या. मी म्हटलं, हे चालत नाही, आणि ही सवलत परराज्यातल्यांना आहे. गृहस्थ जराही डगमगले नाहीत. म्हणाले, पोराची मावशी निपाणीला असती, तिच्याकडं लहानपणापासनं त्याचं जाणंयेणं हाय. निपाणी कर्नाटकात, तेव्हा पोरगा निम्मा तिकडचाच धरा. मी विचारलं, मुलगा काय खेळतो? बापानं मुलाकडं बघितलं, मुलानं बापाकडं. शेवटी मुलगाच म्हणाला, "मॅडम, मला खरं तर आयटीआयला जायचं हाय." मी त्याला चहा पाजून आयटीआयचा रस्ता दाखवला. पुढं तो चांगला वेल्डर झाला, आमच्या व्यायामशाळेचं दार त्यानंच जोडून दिलं.

पण मला सांगायचंय ते मंजूबद्दल आणि प्राजक्ताबद्दल.

मंजू हरियाणातली, जिंदकडच्या एका खेड्यातली. शाळेत असतानाच राष्ट्रीय कुस्तीत तिला पदक मिळालं होतं. वडील तिला घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून आले. उंच, डोक्याला पागोटं, हातात तुपाचा डबा. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सवलतीचे नियम वाचून दाखवायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"फीस की बात छोड़ो मैडम जी. बीमार पड़ेगी तो कौन देखेगा?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मैं है ना." व्याकरण चुकलं असेल, पण त्यांना ते पटलं. डबा माझ्या टेबलावर ठेवून ते त्याच संध्याकाळी परत गेले.

मंजू वजनाला सत्तावन्न किलोची. आमच्याकडं त्या गटात आधीपासून प्राजक्ता होती. प्राजक्ता कवठे महांकाळची, सुभेदार साळुंख्यांची मुलगी. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन डाळिंबाची बाग बघत होते. मुलीला त्यांनीच कुस्तीत घातलं. गावातल्या लोकांनी नावं ठेवली तरी मागं हटले नाहीत. आदल्या वर्षी प्राजक्तानं आमच्या विभागात रौप्यपदक आणलं होतं, आणि या वर्षी सुवर्ण आणायचं असं तिचं, बापाचं आणि माझंही ठरलेलं होतं.

अडचण अशी, की एका वजनगटात एका कॉलेजची एकच मुलगी उतरते. त्यामुळं दोघींची निवड चाचणी घ्यावी लागली. मंजूनं प्राजक्ताला पहिल्या फेरीतच पट काढून खाली घेतलं. पट म्हणजे समोरच्याच्या दोन्ही पायांत घुसून ते उचलायचे. आमच्या मुली तोवर वरच्या धडानं खेळायच्या. इतका झपकन पट त्यांनी बघितला नव्हता. प्राजक्तानं शेवटपर्यंत झुंज दिली, पण निकालात कुणाला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, मी माज्या पोरीची सगळी फी भरतो. तुमी फुकट शिकायला आणलेली पोरगी तिच्या जागेवर खेळणार. ह्याला काय म्हणायचं?"

मी सांगितलं, चाचणी रीतसर झाली, सगळ्यांसमोर झाली.

"चाचणीचं मी बोलतच न्हाई. ती पोरगी चांगली हाय, मी बघितलंय. पर ती हितं आली कशी? तुमी आणली म्हणून आली."

मी त्यांना म्हटलं, प्राजक्तानं वजन वाढवलं तर बासष्टच्या गटात जागा आहे, मधल्या गटात दुसरी मुलगी आहे. ते म्हणाले, म्हणजे तुमच्या सवलतीपायी माझ्या पोरीनं वजन वाढवायचं. एवढं बोलून निघून गेले. त्यानंतर ते मुलीला सोडायला यायचे तेव्हा मोटारसायकल फाटकाबाहेरच उभी करायचे. माझ्याकडं बघून मान हलवायचे, बोलायचे नाहीत.

प्राजक्तानं मात्र वजन वाढवलं. बाहेरच्या माणसाला वाटेल की खाल्लं की झालं. पण नुसतं वजन वाढून भागत नाही, वरच्या गटातल्या मुली उंचीनं, ताकदीनं वेगळ्या असतात. त्यांच्याशी खेळायचं म्हणजे खेळ मुळापासून बदलायचा. ते वर्ष तिचं वाया गेलं. ती रिकाम्या हातानं परतली. मंजूनं मात्र आंतरविद्यापीठ स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. स्टँडसमोर मोठा बोर्ड लागला, 'आमची सुवर्णकन्या'. अध्यक्ष बोर्डवर मंजूपेक्षा मोठे दिसत होते.

दोघींचं आपसात कसं होतं, हे मला पुष्कळ जणांनी विचारलं. सुरुवातीला त्या एकमेकींशी बोलतच नव्हत्या. पण मॅटवर मंजूच्या जोडीला टिकेल अशी प्राजक्ताच होती, आणि प्राजक्ताला पट शिकायचा तर मंजूकडूनच. रोज पहाटे एकमेकींना उचलून आपटायचं म्हटल्यावर किती दिवस अबोला टिकणार? दिवाळीपर्यंत प्राजक्ता हरियाणवीत शिव्या द्यायला शिकली. मंजूनं पहिला मराठी शब्द उचलला तो 'आवं'. थोरांना म्हणायचा, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती प्राचार्यांनाही भर ऑफिसात "आवं प्रिन्सिपल" म्हणायची, आणि प्राचार्यांना ते बिचाऱ्यांना आवडायचं.

दुसऱ्या वर्षी स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. सकाळचा सराव चालू होता, मी हातात चहाचा कप घेऊन कडेला उभी होते. मंजू पट काढायला आत घुसली, प्राजक्तानं अंग मागं टाकलं, आणि मंजू एकदम ओरडली. मी तिला त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. गुडघा बघता बघता सुजला. तिला मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातला लिगामेंट तुटलाय, ऑपरेशन करावं लागेल, आणि वर्षभर कुस्तीचं नाव काढायचं नाही.

त्याच दिवशी कॅन्टीनमध्ये चर्चा सुरू झाली. मग ती व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. प्राजक्ताची जागा गेली होती, तिनं डाव साधला. कुणी म्हणालं बापानंच सांगितलं असणार. प्राचार्यांनी मला बोलावून चौकशी करायला सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, पण ते सेकंदाचं काम. मी छातीवर हात ठेवून काय सांगणार? मी मिरजेला गेले आणि मंजूलाच विचारलं. आडून विचारायचा प्रयत्न केला, पण ती हुशार, तिला लगेच कळलं.

"मैडम, पैर मेरा ही मैट में अटका था. उसने कुछ नहीं किया." मग म्हणाली, "उसको बोलो आ जाए. मैं रोज दरवाज़ा देखती हूँ."

प्राजक्ता घरी जाऊन बसली होती, आईशीसुद्धा धड बोलत नव्हती. मी फोन केला तो सुभेदारांनी उचलला. मंजू जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगितलं. दुपारी बापलेक दवाखान्यात हजर. मी बाहेरच थांबले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा प्राजक्ताचे डोळे सुजलेले होते, आणि सुभेदार परिचारिकेला विचारत होते की पेशंटला घरचं जेवण चालतं का.

चौकशी तिथंच संपली. पण खरं संकट पुढंच होतं.

सवलत दरवर्षी नव्यानं मंजूर व्हायची आणि तिची अट एकच, खेळायचं. खेळाडू जायबंदी झाला तर काय, हे ठरावात कुठंच नव्हतं. ठराव करताना आमच्यापैकी कुणाला तो विचारच सुचला नव्हता. तिकडं मंजूचे वडील येऊन तिला बघून गेले होते. आता पाय अधू झाला, शिक्षण पुरे, घरी नेतो आणि लग्नाचं बघतो, असं त्यांच्या मनात होतं. मंजू माझा हात धरून म्हणाली होती, मॅडम, मला बीए पूर्ण करू द्या.

संस्थेची बैठक झाली. खजिनदार मृदू आवाजात बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, मॅडम, माणुसकी ठीक आहे, पण सवलत खेळाडूला आहे. खेळत नाही तो खेळाडू कसा? मी म्हटलं, ती पाय मोडून बसली ती आपल्याच मॅटवर, आपल्यासाठी सराव करताना. ते म्हणाले, नियमात तसं लिहिलेलं नाही. मग मी विचारलं, "स्टँडसमोरचा बोर्ड मग कधी उतरवायचा?"

अध्यक्षांनी बराच वेळ पेनाची उघडझाप केली. शेवटी निम्मं निम्मं झालं. शिक्षण फीची माफी राहिली, वसतिगृहातली जागा गेली. ती राजस्थानातून येणाऱ्या नव्या मुलीला द्यायची होती. बैठकीतून बाहेर आले तेव्हा मला जिंकल्यासारखंही वाटत नव्हतं आणि हरल्यासारखंही. मंजूला दवाखान्यातून सोडायची वेळ आली होती, आणि तिला ठेवायला जागा नव्हती. मी तिला माझ्याच घरी आणायचं ठरवलं, पण माझं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि ती कुबड्यांवर.

दुसऱ्या दिवशी सुभेदार कॉलेजातल्या माझ्या खोलीत आले. चाचणीच्या भांडणानंतर ते पहिल्यांदाच आत आले होते. या वेळी न सांगता बसले.

"मॅडम, त्या पोरीचं सामान कुटं हाय?"

मी सांगितलं, वसतिगृहातच आहे, उद्या हलवायचंय.

"आमी न्हेतो तिला घरी. घर बैठं हाय, जिना न्हाई. माज्या पोरीबर खेळताना झालं. तिनं काय केलं न्हाई, त्ये मला म्हाईत हाय. तरी झालं ते झालं." मग म्हणाले, "तिच्या बापाला फोन लावून द्या. मी बोलतो. पल्टणीत निम्मी वर्सं जाटांच्यात काढल्यात."

फोन लावून दिला. ते बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बोलत राहिले. फौजेतली हिंदी, मोठ्या आवाजात, मधूनच हसणं. मला वाटलं होतं विनवणी करावी लागेल. ते परत आले आणि म्हणाले, परीक्षेपर्यंत राहू दे म्हणतोय, मग बघू. आणि म्हणाले, माणूस चांगला हाय, फकस्त घाबारलाय.

मंजू कवठे महांकाळला गेली ती पदवी घेईपर्यंत तिथंच राहिली. प्राजक्ताच्या आईशी तिची भाषा जुळत नव्हती, पण म्हशींवरून जुळलं. पाय लांब करून स्टुलावर बसून मंजू धार काढायला लागली, तेव्हा साळुंखे वहिनी चकित झाल्या. लाथ मारणारी म्हैस तिच्या हाताखाली गप उभी राहायची. वहिनी मला म्हणाल्या, आवं, ही पोरगी आदीच का न्हाई दिली तुमी?

प्राजक्ताही वसतिगृह सोडून घरून येऊ लागली. त्या वर्षी सत्तावन्नची जागा मोकळी होती. मी तिला विचारलं, परत खाली येतेस का? ती म्हणाली, "न्हाई मॅडम. आता बासष्टमधी हात बसलाय. उगं वरखाली कशाला?" बरोबर बोलली. तिनं कांस्यपदक आणलं. पट मंजूचा, ताकद स्वतःची.

मंजूचा गुडघा बरा झाला, चालायला, जिना चढायला. कुस्तीसाठी नाही झाला. तिसऱ्या वर्षी ती एकदा उतरली, पहिल्याच कुस्तीत हरली आणि मॅटवरून खाली येऊन मला म्हणाली, बस मैडम. रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजातल्या नव्या मुलींना शिकवायला लागली. आता हरियाणात आपल्या गावाकडं मुलींचा आखाडा चालवते. लग्नही झालं, तिनं ठरवलं तेव्हा.

निवृत्त होण्याआधी मी ठरावात एक ओळ घालून घेतली: सरावात किंवा स्पर्धेत जायबंदी झालेल्या खेळाडूची सगळी सवलत, वसतिगृहासह, एक वर्ष चालू राहील. नोकरीत केलेल्या कामांत मला त्या ओळीचा अभिमान आहे. सुभेदारांच्या पहिल्या प्रश्नाला मात्र माझ्याकडं अजून उत्तर नाही. बाहेरून पोरी आणल्या म्हणून आमच्या पोरी पट शिकल्या, हे खरं. काहींची वर्षं त्यात गेली, हेही खरं.

पदवीनंतर प्राजक्ताला पंजाबातल्या एका विद्यापीठानं बोलावलं. परराज्यातली पदकवाली खेळाडू, फी माफ, राहणं फुकट. सुभेदार सल्ल्याला आले. सगळं सांगून झाल्यावर खाली बघत म्हणाले, तिथं बी कुणाची तरी पोरगी असंल की हिच्या गटात. मी म्हटलं, असणारच. ते म्हणाले, जाऊ दे का? मी म्हटलं, जाऊ दे. प्राजक्ता गेली. सुट्टीला घर लांब पडायचं तेव्हा मंजूच्या घरी जायची.

मागच्या हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा साताऱ्याला होत्या. मी निवृत्त, पण आमच्या कॉलेजची आष्ट्याची श्रावणी बासष्टमध्ये खेळणार होती, म्हणून गेले. श्रावणीला पट मंजूनंच शिकवलेला. उपांत्य फेरीत तिची गाठ पडली ती प्राजक्ताशी. ध्वनिक्षेपकावरून निवेदकानं विद्यापीठांची नावं पुकारली, आणि गॅलरी पेटली. सगळी गॅलरी आपल्या भागातली. "पाड गं तिला, पंजाबवालीला पाड!" असा गलका सुरू झाला. निळ्या पोशाखातली ती पंजाबवाली कवठे महांकाळची आहे हे दहा-बारा जणांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं.

सुभेदार माझ्या शेजारी उभे होते. हात मागं बांधलेले. त्यांच्या पुढच्याच बाकावर श्रावणीचे वडील, आष्ट्याचे शेतकरी, अंगात स्वेटर, कुस्तीबरोबर तेही डावीउजवीकडं झुकत होते. श्रावणीनं सुरुवातीलाच सुंदर पट काढला. प्राजक्ताच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं, तो पट कुणाचा ते तिनं ओळखलं. पण तिनं तोल सांभाळला, मागं फिरून कमरेला विळखा घातला आणि श्रावणीला दोनदा उलटं फिरवलं. कुस्ती संपली. गॅलरी गप झाली. सुभेदारांनी टाळी वाजवली नाही. मीही नाही.

श्रावणीचे वडील वळून आमच्याकडं बघत म्हणाले, "ह्ये पंजाबवाले भायेरच्या पोरी फुकट शिकायला न्हेत्यात, आन् आमच्या पोरींची पदकं जात्यात. ह्याला काय अर्थ हाय का, सांगा."

सुभेदार म्हणाले, "खरं हाय तुमचं."

मग म्हणाले, "ती माजी पोरगी हाय. कवठ्याची."

श्रावणीच्या वडिलांनी मॅटकडं बघितलं. तिथं प्राजक्ता श्रावणीला हाताला धरून उठवत होती आणि तिला काहीतरी दाखवत होती, कंबर कुठं ठेवायची ते. दोघी मान हलवत होत्या. मग बाकावर ठेवलेला डबा त्यांनी उचलून मांडीवर घेतला आणि सरकून जागा केली.

"बसा की मग," ते म्हणाले. "फायनल अजून व्हायचीय."